मुशी वाजवणारी बाई

अन्याय माझ्या आईवर झाला. २०१२ साली, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळची पाळी सुरू होतानाच. शेठने तिचं काम एका डिप्लोमावाल्या मुलीला दिलं आणि आईला ओझी उचलायला लावलं.

आई पनवेलजवळच्या ज्या शेडमध्ये कामाला आहे, तिथे ग्राफाइटच्या मुशी बनतात. मूस म्हणजे पितळ वितळवायचं जाड काळं भांडं. भट्टीवर ती फुटली तर वितळलेलं पितळ माणसाच्या पायावर येतं. म्हणून प्रत्येक मूस लाकडी हातोडीने वाजवून बघायची. घुमली तर चांगली, बद्द वाजली तर आत चीर. आई हे नऊ वर्षं करत होती, तेही घासायच्या मशीनशेजारी उभी राहून, त्या खरखराटात. कळंबोलीचे ओतारी तिची खडूची खूण बघूनच माल उचलायचे.

मग मुशीची मापं घेणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. ग्राफाइटच्या भुकटीतून वीज वाहते; ती आत शिरली की मशीन जळतं. म्हणून मशीनला काचेची खोली, फटी सिलिकॉनने बुजवलेल्या, वर एसी. तपासणीचं टेबलही आत गेलं, आणि टेबलाशी ती मुलगी. करंजाड्याहून यायची.

मला तिचा मत्सर वाटायचा, सरळ सांगते. डबा द्यायला गेले की काचेतून दिसायची. तिची पांढरी ओढणी संध्याकाळीही पांढरीच. आईच्या अंगावरून ओतलेलं तिसरं पाणीसुद्धा काळं. पण खरी आग वेगळीच होती. मूस कशी ऐकायची हे तिला आईनेच शिकवलं होतं, हौसेने. मलाही शिकवून बघितलं होतं; मला दोन आवाजांतला फरक कधी कळलाच नाही. आणि आई घरी येऊन सांगायची, "चार दिवसांत वलखाया लागली पोर. कान हाय तिला."

मी तेव्हा कॉलेजात होते, संघटनेची पत्रकं लिहायचे. एक या मुलीवर लिहिलं: 'कष्टकरी बाईची विद्या चोरणारीचा धिक्कार!' झेरॉक्स काढून गेटवर वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मुलगी ते हातात घेऊन बाहेर आईपाशी आली; मी तिथेच होते.

"काकू, हे तुमच्या मुलीने लिहिलंय."

आईला वाचता येत नाही. तिने तिलाच वाचायला लावलं. मुलीने 'चोरणारी'सुद्धा न अडखळता वाचलं.

"तिला आयकू येतं, तुला नाय, म्हणून जळतेस," आई मला म्हणाली. सगळ्यांसमोर.

"जळू दे हो," मुलगी म्हणाली. "पण काकूंना आत घ्या म्हणून मी शेठना दोनदा बोललेय. ते म्हणतात, बाईच्या कपड्यांवरची भुकटी मशीन बिघडवेल."

भुकटी त्यांच्याच शेडची! ती आईच्या छातीत गेलेली चालते, मशीनच्या पोटात नको. कपडे बदलायला एक आडोसा आणि धुतलेला एक जोड, एवढंच लागत होतं. आणि मी कुणाच्या नावाने पत्रकं छापत बसले होते?

वाटलेली पत्रकं मी परत गोळा केली. मुलीची माफी मागितली नाही, अजून जमलेलं नाही. आई अजून बाहेरच आहे.

तुम्ही अशा शेडमधून माल घेत असाल, तर पुढची गाडी भरण्याआधी आत जा. मशीनसाठी खोली आहे, मग बायांना कपडे बदलायला जागा का नाही, हे शेठला तोंडावर विचारा. उत्तर मिळेपर्यंत माल उचलू नका.