एकोणतीसवाले फुर्लान सर

इटलीतल्या आमच्या त्रिएस्तेत फुर्लान सरांचा विद्यार्थी ओळखणं सोपं. सर दिसले की तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो, मग तो विमा कंपनीचा मुख्य हिशेबनीस का असेना. मी त्यांची सहायक, मला पळायची सोय नव्हती.

खरं तर घरच्यांनी त्यांना जहाजावर धाडलं होतं. बंदर सुटायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या, म्हणून ते हिशेबशास्त्राकडे वळले. व्यवस्थापन महाविद्यालयात शिकवण्यात हयात गेली, पण तिसांपैकी तीस गुण कुणाला दिले नाहीत. "जमा-नावे जुळतं गं," मला म्हणायचे, "माणूस कुठं जुळतो?" घरीही तेच. त्यांच्या बायकोनं, ओर्नेलाबाईंनी, घेवडा आणि आंबट कोबीचं सूप वाढलं की सर चमचा चाटून सांगायचे, "एकोणतीस."

निवृत्तीआधीची शेवटची तोंडी परीक्षा होती. समोर निवेस कोसूता. तिनं आधी तीनदा एकोणतीस नाकारले होते. आमच्याकडे तसा हक्कच आहे, गुण पटले नाहीत तर नको म्हणायचं आणि पुढच्या सत्रात परत यायचं.

तिनं सगळी उत्तरं बिनचूक दिली.

"एकोणतीस," सर म्हणाले.

"नको, सर."

"अगं बाई, घे आणि मला मोकळं कर."

"मी पुढच्या सत्रात येते ना."

"तेव्हा मी नसेन. देग्रासी असेल."

"म्हणून तर," निवेस म्हणाली.

देग्रासी सरांचा जुना वैरी. तो तीस गुण खिरापतीसारखे वाटायचा. आता ही पोरगी त्याच्या हातून तीस घेणार आणि गावभर सांगणार. सरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी पेन उचललं आणि तीस लिहिलं. मला खरंच भरून आलं.

संध्याकाळी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. ओर्नेलाबाईंनी सूप वाढलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सरांनी चमचा चाटला.

"एकोणतीस," ते सवयीनं म्हणाले.

बाईंनी त्यांची वाटी उचलली, माझीही उचलली, आणि दोन्ही पातेल्यात परत ओतल्या.

"अहो, हे गुण मला मान्य नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या सत्रात या."