सुरुवातीचं शून्य

दामू सव्वीस वर्षं तारापूरच्या कारखान्यात रसायनांच्या पिंपांवरचे नंबर तपासत होता. कारखाना बंद पडला तेव्हा पालघरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याला याच नजरेसाठी ठेवून घेतलं. ब्लॉकचेनवरचे, म्हणजे डिजिटल पैशाच्या सामायिक खातेवहीतले, व्यवहार आधी आपल्याच कॉम्प्युटरवर करून बघायचं साधन ही कंपनी बनवायची. तिथे प्रत्येक व्यवहाराला शून्य ते नऊ आणि a ते f अशा सोळा चिन्हांतून बनलेला चौसष्ट अक्षरांचा क्रमांक मिळतो. साधनाने दिलेला क्रमांक खऱ्याशी जुळतो का, एवढंच बघायचं. आपल्या गावी, सरावलीत, मात्र दामू असा मिरवायचा, जणू ब्लॉकचेन त्याच्याच वाडीत पिकते.

शेजारच्या टेबलावर वाणगावची चारुता, अजून नोकरीत कायम न झालेली. एका दुपारी ती म्हणाली, क्रमांक शून्याने सुरू झाला की साधन ते शून्यच गाळतंय, त्रेसष्ट अक्षरं उरतायत. तपासणीच्या यादीत तिने 'चूक' असं लिहिलंही होतं.

"अगं, शून्य सत्तेचाळीस नंबरचं पिंप आमी सत्तेचाळीसच लिवायचो," दामू हसला. "सुरुवातीच्या शून्याला काय किंमत हाय? खोड ते."

वडीलधाऱ्या माणसाचा शब्द म्हणून तिने खोडलं. यादीवर 'बरोबर' लागलं आणि त्याखाली सही राहिली तिची.

साधन गिऱ्हाइकांकडे गेलं आणि बोंब झाली. सोळांतला एखादा व्यवहार त्याच्या क्रमांकावरून शोधला तर सापडेचना. मालक मेहुलने यादी काढली आणि सगळ्यांदेखत चारुताला विचारलं. तिने एकदा दामूकडे पाहिलं. दामू चष्मा पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "माझी चूक झाली," ती म्हणाली. संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं गेलं.

जनाची नाही तर मनाची तरी असावी, म्हणतात. दामूला ती होती, फक्त उशिरा आली. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. घरी कोणी कामाचं विचारलं की तो उठून अंगणात जायचा. तिसऱ्या दिवशी तो मेहुलपुढे जाऊन उभा राहिला.

"ते मी खोडायला लावलं. पोरीला बरोबर दिसलं होतं. मला काढायचं तर काढा."

मेहुलने त्याला काढलं नाही, चारुताला परत बोलावलं. ती आली आणि पहिल्यासारखंच "काका, चहा घेता?" म्हणाली. दामूला वाटलं, मिटलं.

दुपारी तिला एका क्रमांकात पुन्हा काहीतरी खटकलं. तिने कागद उचलला, दामूच्या टेबलापाशी न थांबता पुढे गेली आणि तो थेट मेहुलला दाखवला. दामूने मान वर केली नाही. तिचं बरोबरच होतं, आणि तेच त्याला सोसेना.