सातव्या होलवरून दिसणारं तळं

काचवाला कुणाच्याही घरात शिरला की आधी फुटलेली खिडकी बघत नसे, खिडकीतून बाहेर बघत असे. गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस माप घेतोय. त्याच्या बायकोला मात्र पक्कं ठाऊक होतं की हा परसातली जमीन बघतोय. कुठे उंचवटा आहे, कुठे खोलगट आहे, आणि तो उंचवटा मुळातला आहे की कुणी मुद्दाम केलेला, याची त्याला चौकशी. कारण ती सगळी वसाहत एका मोडलेल्या गोल्फच्या मैदानावर उभी होती, आणि ते मैदान या गृहस्थाच्या डोक्यात अजून हिरवंगार होतं. आता ज्या मैदानावर आपण उभ्या जन्मात एकदाही खेळलो नाही, ते डोक्यात हिरवंगार कसं राहतं, हे विचारू नका. वेडाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

मैदान मोडलं तेव्हा तो शाळेत होता. क्लब डबघाईला आला आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी गेली. कुठे घरं उठली, कुठे शाळा, कुठे टायरांचं गोदाम. अशी गेलेली मैदानं जगात पुष्कळ आहेत. एखादं धरणाच्या पाण्याखाली आहे, एखाद्यावर विमानं उतरतात. आणि त्या गेलेल्यांवर जीव टाकणारी माणसंही असतात. या गावात ती दोनच होती: एक काचवाला, आणि दुसरा औषधांचं दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला एक म्हातारा, त्याला सगळे औषधवाला म्हणत. दोघं सुट्टीच्या दिवशी नगरपालिकेच्या मैदानावर खेळत. तिथे गवत कमी आणि कुत्री जास्त. दुधाची तहान ताकावर भागवायची आणि येताना सगळ्या वाटेभर न खेळलेल्या मैदानांबद्दल हळहळायचं, असा त्यांचा नेम.

या वेडापायी काचवाल्याची फजितीही कमी झाली नव्हती. एकदा एका शिक्षिकाबाईंच्या परसात त्याला एक सुबक, गोल, किंचित फुगीर जागा दिसली. वरचं गवतही आजूबाजूपेक्षा गडद आणि दाट. काच राहिली बाजूला, हा गुडघ्यांवर बसून गवतावरून हात फिरवायला लागला. दुसऱ्या दिवशी औषधवाला कॅमेरा घेऊन हजर. दोघांनी त्या जागेभोवती प्रदक्षिणा घातली, तिसऱ्या होलची, झेंडा रोवायची हिरवळ सापडली म्हणून एकमेकांचं अभिनंदन केलं. शिक्षिकाबाई दारात उभ्या राहून बराच वेळ हे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तुमचं झालं असेल तर सांगते. तो आमच्या संडासाचा शोषखड्डा आहे.”

बायकोने ही गोष्ट नात्यात सगळ्यांना सांगितली. पण काचवाल्याने काही कानाला खडा लावला नाही. कारण त्याला हवं होतं ते तिसरं होल नव्हतंच. त्याला हवं होतं सातवं, आणि तेही दादाबरोबर.

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. दादाला मिसरूड फुटत होतं आणि हा दुसरीत होता, तेव्हा एके दिवशी आईने सांगितलं की दादाला गोल्फच्या मैदानावर काम लागलंय, आता तो तिथेच राहणार. दादा जवळजवळ वर्षभर घरी नव्हता. परत आला तो गोष्टींचं पोतं भरूनच. पहिलं होल असं, चौथ्यावर वाळूचा खड्डा तसा, आणि सातवं! सातव्याला डावीकडे तळं चकाकतं. समोर टेकाड. टेकाडापलीकडे तीन झाडं एका रांगेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या झाडाच्या मधोमध झेंडा फडफडतो. चेंडू असा उचलून मारायचा की तो टेकाड ओलांडून त्या दोन झाडांच्या फटीतून जायला हवा. धाकटा हे ऐकत झोपी जायचा. पुढे त्याने काही विचारलं की दादाचं एकच उत्तर ठरलेलं: “तू तिथे नव्हतास. तुला काय कळणार?”

मोठे भाऊ पुष्कळ बाबतींत पुढे असतात आणि धाकटे ते सोसतात. पण हे वाक्य काचवाल्याच्या मनात सलत राहिलं. पोरंबाळं झाली, केस पिकले, तरी सल गेली नाही. दादाबरोबर एकदा त्या मैदानावर उभं राहायचं, सातव्याचा फटका मारायचा, आणि मग बघू म्हणतो का, तुला काय कळणार म्हणून. एवढीच त्याची इच्छा होती. नगरपालिकेच्या मैदानावर तर दादा कधी फिरकलाच नाही. गुडघा दुखतो म्हणायचा. आयुष्यभर धावत्या बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडली तेव्हा तो गुडघा कुठे होता, हे विचारायची सोय नव्हती.

गंमत अशी की सगळ्या मैदानात सातव्याची जमीन तेवढी मोकळी राहिली होती. टेकाड, झाडं, मागचं तळं, सगळं जागेवर. आता तिथे पाण्याची टाकी होणार होती आणि पुढच्या आठवड्यात खोदकाम लागणार होतं. औषधवाल्याने त्याच्याकडच्या जुन्या फोटोंवरून फटक्याची जागाही काढून दिली होती. पण काचवाला तिथे जाऊन उभा राहिला, तेव्हा चक्रावला. समोर टेकाड आणि झाडांचे नुसते शेंडे. तळ्याचा पत्ता नाही. झेंडा जिथे असेल ती हिरवळही टेकाडामागे पार झाकलेली.

“जागा चुकली,” काचवाला म्हणाला.

“जागा बरोबर आहे,” औषधवाला म्हणाला. “तुझा दादा चुकतोय.”

“दादा तिथे वर्षभर राबलाय. तो कसा चुकेल?”

मग शोध सुरू झाला. काचवाला पन्नास पावलं मागे गेला, तळं नाही. उजवीकडे गेला, तळं नाही. शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर चढला, तेव्हा चौकीदाराने त्याला चोर समजून खाली ओढला. एकदा तर कामाची शिडी नेऊन तिच्यावर उभा राहिला. तेव्हा तळ्याची एक रेघ दिसली, पण झाडं रांगेत येईनात. दोन गोष्टी जुळल्या की तिसरी फटकून राही. ज्या जागेवरून तिन्ही एकदम दिसतील अशी जागा त्या जमिनीवर नव्हतीच. बायको म्हणाली, “भावोजींनाच नेऊन विचारा ना. एवढ्या उड्या मारण्यापेक्षा सोपं.” पण दादाला विचारायचं म्हणजे पुन्हा तेच वाक्य ऐकायचं. जागा आधी आपण शोधायची आणि मग दादाला तिथे नेऊन उभं करायचं, असं त्याच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात गारपीट झाली आणि गावातल्या निम्म्या काचा फुटल्या. काचवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. टेकडीवरच्या मुलींच्या वसतिगृहातून बोलावणं आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीतली सगळी तावदानं गेली होती. एका खिडकीतले तुकडे काढून, चौकटीतली जुनी पुट्टी खरवडून त्याने सवयीने बाहेर बघितलं, आणि हातातली पटाशी तशीच राहिली.

डावीकडे तळं चकाकत होतं. समोर टेकाड. टेकाडापलीकडे तीन झाडं एका रांगेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या झाडाच्या मधोमध ती मोकळी जागा, जिथे झेंडा असायचा. नुसतं सातवंच नाही. चौथ्याचा वाळूचा खड्डा जिथे होता म्हणून दादा सांगायचा, तिथे आता शाळेचं मैदान, तेही बरोबर जागेवर. पहिल्यापासून सगळं, दादाने सांगितलं होतं त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे मांडून ठेवलेलं.

पहिल्यांदा त्याला फक्त आनंद झाला. जागा सापडली. मग त्याने वसतिगृहाच्या बाईंना सहज विचारलं, “ही खोली आधी कसली होती?”

“ही सगळी इमारतच आधी छातीच्या रोग्यांचं इस्पितळ होती ना,” बाई म्हणाल्या. “ही पुरुषांची खोली. पलंग सगळे खिडक्यांकडे तोंड करून असायचे म्हणे. महिनोन्‌महिने पडून राहायचं, दुसरं काय बघणार बिचारे?”

काचवाल्याने त्या दिवशी उरलेल्या काचा कशा बसवल्या, त्याचं त्यालाच ठाऊक. आधी त्याला राग आला, खरंखुरं डोकं फिरलं. सगळं आयुष्य आपण या माणसाचा हेवा केला, आणि हा तिथे खेळला नाही, राबला नाही, कुणाचा चेंडूसुद्धा उचलला नाही. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दादा परत आला तेव्हा गोरा आणि गुबगुबीत होऊन आला होता. दिवसभर उन्हात गवतावर रूळ ओढणारा माणूस गोरा होऊन येतो कधी? आईने त्याचा पेला आणि ताट कितीतरी दिवस वेगळं ठेवलं होतं. विचारलं तर म्हणायची, त्याला सर्दी आहे. आणि रात्री दादा खोकला की आई उठून बसायची. तेव्हा त्याला वाटायचं, दादाचे किती लाड होतात.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. “दादा मरता मरता वाचला होता गं. आणि मी त्याच्यावर जळत होतो.”

“तुम्ही दुसरीत होता,” बायको म्हणाली.

“पुढेही जळत होतो. परवापर्यंत.”

त्या काळी छातीचा रोग म्हटला की शेजारपाजार दार लावून घ्यायचा, हे बायकोलाही ऐकून माहीत होतं. सासूबाईंनी का लपवलं ते तिला सांगावं लागलं नाही. “मग आता भावोजींना विचारणार?” ती म्हणाली.

“आता तर न्यायलाच नको. तिथे उभा राहिला की त्याचं त्यालाच कळेल, की इथून ते दिसत नाही. मोठ्या भावाला या वयात उघडं पाडायचं का?”

“उघडं पाडायला नेऊ नका. खेळायला न्या,” बायको म्हणाली. “टाकी खोदायला लागले की तेही गेलं.”

दोन दिवस त्याचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्याने दादाला सांगितलं, सातवं होल जातंय, एकदा येऊन जा. गुडघ्याची सबब येईल म्हणून तो तयारीतच होता. पण दादा फक्त म्हणाला, “जातंय का?” आणि चपला घालून निघाला.

सकाळची वेळ होती. खोदकामाच्या यंत्राजवळ बसलेल्या चौकीदाराने काठ्यांची पिशवी बघितली आणि हरकत घेतली नाही. काचवाल्याने औषधवाल्याने दाखवलेल्या सपाट जागेवर चेंडू ठेवला आणि बाजूला झाला. “पहिला फटका तुझा,” तो म्हणाला.

दादाने काठी हातात घेतली. कशी धरायची हे त्याला माहीत नव्हतं, ते लगेच दिसलं. पण त्याचं लक्ष काठीकडे नव्हतंच. तो डावीकडे बघत होता. मान उंच करून बघितलं, दोन पावलं सरकून बघितलं, जसा धाकटा गेले कित्येक दिवस बघत होता.

“इथून तळं दिसत नाही रे,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, नुसतं नवल होतं.

काचवाल्याला एक थाप सुचली होती. टेकाडावर मागाहून भर घातली, असं सांगायचं ठरवून तो आला होता. पण दादाचा तो चेहरा बघून त्याला ती सांगवेना.

“तळं वरून दिसतं, दादा. दुसऱ्या मजल्यावरून. मी काचा बसवायला गेलो होतो तिथे.”

दादाने मान वळवून टेकडीवरच्या इमारतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसला. “म्हणजे मी इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकतोय, हे तुला कळलं तर.”

“सांगितलं का नाहीस कधी?”

“आईने शपथ घातली होती. ती गेल्यावर सांगता आलं असतं. पण तू असा कान देऊन ऐकायचास, की मला वाटायचं, होतोच मी तिथे.” त्याने काठी दोन्ही हातांनी उगाच चाचपली. “शेजारचे पलंग रिकामे व्हायचे. बघवायचं नाही. मग मी बाहेर बघायचो. इथे माणसं यायची, चेंडू मारायची, पुढे जायची. आज सातव्यावर कुणाचा चेंडू फटीतून जातो ते बघायचं, की दिवस निघायचा. पण नुसतं दिसायचं हं. खाली धुलाईघराचं बॉयलर दिवसभर घुमत असायचं. ऐकू काही यायचं नाही. चेंडूला काठी लागली की आवाज कसा येतो, ते मला कधी कळलंच नाही. पुढे तू बोलवायचास तुझ्या त्या मैदानावर. पण मला तो इथला ऐकायचा होता. आणि इथे यायची हिंमत होत नव्हती.”

काचवाल्याने पुढे होऊन दादाची बोटं काठीवर नीट बसवली, अंगठा खाली सरकवला, खांद्यांना धरून त्याला थोडा वळवला. “मान खाली. चेंडूकडे बघ. टेकाडाकडे नको, झाडांकडे नको.”

पहिल्या फटक्याला नुसती माती उडाली. दुसरा हवेतच गेला. चौकीदार तोंड फिरवून हसला. दादाने पाय पुन्हा रोवले आणि तिसऱ्यांदा काठी फिरवली.

टक्‌ करून आवाज आला. कोरडा, स्वच्छ आवाज. दादा काठी खांद्यावर तशीच धरून थांबला.

“असा येतो होय,” तो म्हणाला.

चेंडू कुठे गेला, ते दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.