वाडीच्या काट्याचे नंबर

रेडिओच्या दुकानात किस्से विकत आणावे लागत नाहीत. लोक बिघडलेला सेट काउंटरवर ठेवतात, "पाहून ठेवा भाऊ" म्हणतात, आपली एखादी गोष्ट सांगतात आणि परत येतच नाहीत. सेट कधीतरी भंगारात जातो. गोष्ट दुकानातच राहते!

ऐंशीच्या दशकात सीताबर्डीवरच्या माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही तिघांनी कॉम्प्युटर बनवायला घेतला होता. त्या खोलीतले किस्से तर शेल्फ मोडेल एवढे आहेत. तुम्ही हसून घ्या. मला हल्ली जमत नाही.

तिघं म्हणजे कोण, ते सांगतो. एक मी. मॅट्रिक, सोल्डरिंग शिकलो ते बोटं भाजून. दुसरे देशकर सर, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. गावात त्यांच्या सहीला वजन होतं. तिसरा वानखडे, वरूडकडचा तरुण इंजिनिअर. कोराडीच्या वीजकेंद्रातली पर्मनंट नोकरी सोडून तो आमच्याकडे आला, कारण त्याला स्वतःचं कर्नेल लिहायचं होतं. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुनीम. कोणाला आत घ्यायचं, कोणाला थांबवायचं, सगळं तो ठरवतो. "भाऊ, एक तरी चीज माह्या हातची पाहिजे," वानखडे म्हणायचा.

गिऱ्हाईक होतं वाडीचं, शहराबाहेरच्या ट्रकवाल्यांच्या वस्तीतलं. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठला आपल्या धरमकाट्यावर कॉम्प्युटर पाहिजे होता. ट्रक काट्यावर चढला की वजन आपोआप छापून यावं!

*

वानखडेचे वडील एकदा गावाहून पोराचं काम पाहायला आले. धोतर सावरत जिना चढले, खुर्चीवर टेकले.

"भाऊ, आमचा पोरगा इथं काय करते?"

मी समजावलं. म्हटलं, काका, काटा, प्रिंटर, कीबोर्ड हे सगळे कॉम्प्युटरला घंटी मारतात, 'माझ्याकडे पाहा' म्हणून. घंटी कोणाची ते कळायला प्रत्येकाला नंबर लागतो. तो नंबर तुमचा पोरगा वाटतो.

"रेशनच्या लायनीत वाटते तसा?"

"तसाच समजा."

म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने घाम पुसला. मग म्हणाला, "त्याच्यासाठी कोराडी सोडा लागली काय गा?"

वानखडे त्या दिवशी जेवला नाही.

*

नंबर वाटायचे कसे, यावरूनच पहिली ठिणगी पडली.

वानखडेचं म्हणणं सोपं होतं. लॉजच्या काउंटरमागे खुंट्या असतात. किल्ली खुंटीवर असेल तर खोली रिकामी, नसेल तर भरलेली. तशी मेमरीत एक ओळ ठेवायची, दर नंबरामागे एक बिट, म्हणजे रिकामं की भरलेलं एवढीच खूण. बस!

सरांना ते फार बाळबोध वाटलं. त्यांनी फळ्यावर झाड काढलं, मूळ वर आणि फांद्या खाली. फांद्यांना फांद्या, आणि दर वेळी झाड स्वतःचा तोल सांभाळणार! परदेशी जर्नलमध्ये नुकतंच वाचलं होतं त्यांनी.

"सर, नंबर सारे बत्तीस हायेत," वानखडे म्हणाला. "बत्तीस खोल्यांच्या लॉजले झाड कायले पाहिजे?"

"वानखडे, उद्या बत्तीस हजार झाले तर?"

"वाडीत काटे दोनच हायेत, सर!"

सर हसले नाहीत. झाड पास झालं.

*

शेठला पटवायला सर फळ्यासकट वाडीला गेले. तासभर झाड समजावलं. शेठ पान चघळत ऐकत होते. शेवटी सरांनी विचारलं, "काही शंका?"

"एक ही बात पूछनी है, सर. ये पेड़ उलटा काहे कू टंगा है?"

वानखडे आणि मी गोदामाबाहेर जाऊन हसून आलो. ऑर्डर मात्र मिळाली. शेठने झाड पाहिलंच नव्हतं, कोटेशनखालची सरांची सही पाहिली होती!

*

ट्रायलच्या दिवशी दोन्ही काटे लागले, कीबोर्ड लागला. प्रिंटर जोडला, तर नंबरच मिळेना.

झालं असं होतं, की नवीन नंबर द्यायचा म्हणजे झाडाला नवीन फांदी पाहिजे, आणि फांदीला मेमरी पाहिजे. मेमरी आमच्याकडे होती मूठभर, ती संपलेली. म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर उभं, आणि दुकानदार बिलाचा कागद आणायला गांधीबागेच्या बाजारात गेलेला!

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुमचं ते खुंट्यांचं टाकून पाहा, वानखडे."

त्याने ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. चहा येईपर्यंत प्रिंटर सुरू झाला. शेठने टाळ्या वाजवल्या आणि सरांच्या गळ्यात हार घातला.

*

आता ज्याच्यावरून सगळं बिघडलं, ते सांगतो.

एखाद्याची वायर काढली, की परत आलेला त्याचा नंबर लगेच दुसऱ्याला द्यायचा की नाही? वानखडे म्हणे, लगेच देऊ नका. जुन्या मालकाची एखादी घंटी आत अडकलेली असते, ती निपटू द्या, मगच नंबर मोकळा करा. सर म्हणे, जो सगळ्यात लहान नंबर रिकामा असेल तो तत्काळ द्या. स्क्रीनवर एक, दोन, तीन असे ओळीने दिसले पाहिजेत, पाहुण्यांना बरं वाटतं.

मी बोललो, "सर, आमच्या दुकानात माणूस उठून गेला तर त्याचं स्टूलही आम्ही जरा गार होऊ देतो."

"भाऊ, व्यापाऱ्यानं व्यापार पाहावा," सर म्हणाले. नियम त्यांचाच लागला.

*

वाडीच्या काट्यावर मिश्राजी नावाचे बाबू होते. लाइट गेली की ते सगळ्या वायरी उपटून ठेवायचे. लाइट परत येताना झटका देते आणि सामान जाळते, हा त्यांचा घरचा अनुभव. लाइट आली की एकेक वायर परत लावायचे, जी हाती येईल ती आधी. कॉम्प्युटर तेवढा शेठने दिलेल्या ट्रकच्या बॅटरीवर चालूच असायचा.

एका दुपारी सिमेंटचा ट्रक काट्यावर असतानाच लाइट गेली. मिश्राजींनी वायरी उपटल्या. लाइट आल्यावर आधी प्रिंटर लावला. त्याला काट्याचाच जुना नंबर मिळाला, आणि काट्याची आत अडकलेली घंटी गेली प्रिंटरला! प्रिंटरचा हिशोब एका पावतीनं मागे पडला. सिमेंटचं वजन पुढच्या ट्रकच्या पावतीवर छापून आलं.

पुढचा ट्रक रिकामा होता. सरदारजी ड्रायव्हर पावती नाचवत आत आला. "बाबूजी, मेरी गड्डी पेट से है क्या?"

सगळी वाडी हसली. शेठ हसले नाहीत. त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं आणि विचारलं, "गलती किसकी?"

सर म्हणाले, "प्रोग्राम वानखडेंनी लिहिलाय."

मी शेठला काय घडलं ते सगळं सांगितलं. वानखडेने काय म्हटलं होतं, सरांनी काय ठरवलं होतं, काही म्हणजे काही लपवलं नाही. शेठने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, साइन तो सर की है. साइनवाला आदमी गलत कैसे होगा?"

वानखडेने दोन दिवस काट्यावर बसून त्याला पाहिजे तसा नियम टाकला. मशीन सुधारलं. मग शेठने निरोप पाठवला, की मशीनला परत या पोराचा हात लागू नये.

कोराडीतली त्याची जागा केव्हाच भरली होती.

*

पुढे शहरातल्या इंजिनिअर मंडळींपुढे सरांचं भाषण झालं. विषय होता नंबर वाटायची 'देशकर पद्धत'. खुंट्या, आणि नंबर लगेच न देण्याचा नियम, सगळं होतं. झाड नव्हतं!

कोणीतरी विचारलं, "सर, हे सुचलं कसं?"

"सकाळी फिरताना."

शेजारी बसलेला वानखडे माझ्या कानाशी आला. "भाऊ, सकाळी फिरून कोण राहिलं होतं गा?"

मी म्हटलं, "उठ आणि बोल."

"कोणाले सांगू? सारे टाळ्या वाजवून राहिले."

*

शेवटी त्याला बडोद्याला नोकरी लागली. सामान न्यायला ट्रक ठरवला तो वाडीचाच. भाडं वजनावर, म्हणून ट्रक आधी काट्यावर घ्यावा लागला. मी त्याला सोडायला गेलो होतो. एक लोखंडी पलंग, दोन ट्रंका, स्टोव्ह, पुस्तकांची पेटी, एवढंच सामान.

मिश्राजींनी त्याला ओळखलं नाही; दोन दिवस त्यांच्याच काट्यावर बसलेला पोरगा त्यांच्या लक्षातही नव्हता. तो मशीनजवळ जाऊन स्क्रीनकडे पाहू लागला, तर ते खेकसले, "ए भाई, दूर से! बड़े सर की मशीन है."

तो दोन पावलं मागे सरला.

"माल क्या है?"

"घर का सामान."

"मालिक का नाम?"

वानखडेने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "देशकर सर."

मिश्राजींनी नाव टाइप केलं. काटा थरथरून थांबला, प्रिंटर खडखडला, पावती आली. वजन बरोबर होतं. मिश्राजींनी पावती फाडली, चष्मा वर करून ट्रकमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाले,

"इतने बड़े साब, और सामान बस इत्तासा?"