रफूसाठी वगळलेला कोपरा

ती चादर अजून माझ्याकडे आहे. नाकाशी धरली की खळीचा आंबूस वास येतो आणि आमची प्रयोगशाळा, तिथल्या पंख्याची कुरकुर, सारं हलकेच परत येतं.

कॅमेऱ्यातून चादरीकडे पाहून विणीतला दोष ओळखणारी एक प्रणाली मी आणि माझ्या मैत्रिणीने संशोधनासाठी लिहिली होती. मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. तपासणीसाठी नमुना म्हणून वापरलेली चादरही तिच्याच घरची. पुढे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याने प्रणाली मागावर लावून पाहायची तयारी दाखवली. तिथल्या अभियंत्यांची अट एकच होती: "मॅडम, तुम्ही दोघी समोर नसताना हे चाललं पाहिजे." मैत्रीण तर महिनाअखेरीस नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती. त्याआधी कोड कुणालाही वाचता येईल असा झाला नसता, तर आमची सारी मेहनत कपाटातच राहिली असती.

साफसफाई सुरू झाली. कोडमध्ये उभ्या धाग्याला तिने तेलुगूत 'पडुगु' म्हटलं होतं, आडव्याला मी मराठीत 'बाणा'. एकाच ओळीत दोन घरं नांदत होती. आम्ही नावं बदलली, लांबलचक फंक्शनं उसवून लहान केली, प्रत्येकाला चाचणी जोडली.

"असं कुणी लिहिलंय गं हे?" ती विचारी.

"तूच की."

"मग बरंच लिहिलंय."

एका दुपारी एक ओळ सापडली. चादरीच्या एका कोपऱ्यातला चौकोन तपासायचाच नाही, असं ती ओळ सांगत होती. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी चादर टेबलावर पसरली. मोराच्या पिसाऱ्यावर बोट फिरवलं, तेव्हा तेवढीच जागा किंचित जाड लागली. तिच्या आईने केलेलं रफू. डोळ्यांना दिसू नये इतकं सुबक. पण कॅमेरा दर वेळी तिथेच अडे, म्हणून एका प्रात्यक्षिकापुरती आम्ही ती जागा वगळली होती आणि विसरून गेलो होतो. कारखान्यात त्या कोपऱ्यातला प्रत्येक दोष निमूट पुढे गेला असता.

ओळ मैत्रिणीनेच खोडली. चाचणी चालवली, तशी पडद्यावर रफूभोवती लाल चौकट उमटली.

"अम्माला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तिचं रफू कुणाला सापडलं नव्हतं."

ती गेली. प्रणाली मागावर लागली आणि आम्हा दोघींवाचून चालली. जाताना तिने चादर मात्र माझ्या हाती ठेवली: कोडमध्ये काही बदललं, तर आधी हिच्यावर तपासायचं. मी अजून तपासते. चौकट तिथेच उमटते, आणि मी तिला फोन लावते.

"सापडलं का?" ती पलीकडून विचारते.

"सापडलं."