ओवलेल्या सुया
जुन्या गोधडीचा वास आला की लातूरची ती खोली आठवते. क्लाससाठी मी डाळमिलीच्या मागे भाड्याने राहायला गेले होते. आधीची मुलगी अर्ध्यातूनच गावी परतली होती. दुसऱ्याच दिवशी सरांनी शिकवलं, "तळं हा बगळ्याचा अधिवास. तिथं तो जे काम करतो, ते त्याचं निश. बगळा गेला तर ते काम पडून राहत न्हाई, दुसरं कुणीतरी उचलतंय." संध्याकाळी खोलीवर आले, तर खिडकीत सात सुया आणि दोऱ्याचं रीळ ठेवलेलं. खाली घरमालकीण खाला गोधडी शिवत बसली होती. तिला जवळचं दिसत नसे. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी मी सातही सुया ओवून तिला नेऊन दिल्या. मान वर न करता ती म्हणाली, "आज लई देर केलीस, बेटा." मी तर कालच आले होते. पण तोंडातून निघालं, "हाव, क्लास लांबला." मग वर्षभर रोज ओवल्या. खोली सोडताना निरोप घ्यायला गेले, तर सुया चाचपत तिने विचारलं, "संध्याकाळी येतीस ना?" आता वाटतं, आधीच्या मुलीलाही तिने हेच विचारलं असेल, आणि तिच्या लेखी ती संध्याकाळी परत आलीच होती.