उजळ ठिपका

सुनेने आंबोळी वाढली आणि आंबोळीची जाळी पाहून मी ताटली बाजूला सारली. माझ्या पेशंट सुलभाताईंच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी असाच दिसला होता. चरबी विरघळून उरलेली पांढरी भोकं. त्याच्या वर्षभर आधी मीच केलेल्या सोनोग्राफीत तिथे उजळ ठिपका होता. मी हसून म्हणालो होतो, "चरबी आहे हो, तूप कमी करा."

"म्हणजे पुरणपोळी बंद? त्यापेक्षा दुखणं बरं, डॉक्टर!"

चरबी खरीच होती, पण कर्करोगाच्या पेशींच्या पोटात. ठिपका उजळला होता तो त्यामुळेच. त्या गेल्यावर त्यांच्या यजमानांना मी सांगितलं, "तेव्हा काही दिसलंच नव्हतं." दिसलं होतं. पुढची तपासणी मीच सुचवली नाही. यजमान माझ्या पाया पडले, आणि मी पडू दिलं.